रिकाम्या हाताचे आचार्य : गिचिन फुनाकोशी

कराटे ही जपानची विद्या, असे आपण सहज धरून चालतो. वस्तुतः ती ओकिनावा बेटाची, म्हणजे पूर्वीच्या र्‍युक्यू राज्याची. ते राज्य जपानने १८७९ मध्ये खालसा केले. ही विद्या मुख्य जपानात रुजविणारे गिचिन फुनाकोशी १८६८ मध्ये शुरी या त्या राज्याच्या राजधानीत जन्मले.

त्यांना वैद्यक शिकावयाचे होते. परंतु डोक्यावरील बुचडा कापल्यावाचून प्रवेश नव्हता आणि जुन्या वळणाच्या घराण्याला ते मान्य नव्हते. पुढे शिक्षकाची नोकरी पत्करताना तो कापावाच लागला. दिवसा शाळा आणि रात्री गुरू आन्को असातो यांच्या घरी अभ्यास, असा त्यांचा क्रम असे. एकच ‘काता’, म्हणजे ठरावीक हालचालींची मालिका, महिनोन्महिने घोटावी लागे. आन्को इतोसु हे त्यांचे दुसरे गुरू.

१९२२ मध्ये, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, ते प्रात्यक्षिकासाठी टोकियोस गेले. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी त्यांना कोदोकान संस्थेत पाचारण केले आणि ते तेथेच राहिले. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात झाडलोट व राखण करून त्यांनी गुजराण केली. १९२४ मध्ये केइओ विद्यापीठात त्यांचे शिष्यमंडळ स्थापन झाले.

राजधानीत मान्यता मिळावी म्हणून त्यांनी मोठा बदल केला. ‘कारा’ या उच्चाराचे ‘चिनी’ अर्थाचे अक्षर टाकून ‘रिकामा’ अर्थाचे अक्षर घेतले. अनेक कातांना जपानी नावे दिली. ही तडजोड काहींना रुचली नाही. मात्र १९३६ मध्ये नाहा येथे जमलेल्या ओकिनावाच्या आचार्यांनीही ‘रिकामा हात’ हेच नाव स्वीकारले. परप्रांती पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आम्हां मराठी कुटुंबांना हा पेच नवा नाही. बोलीत परक्या शब्दांची भर पडली, पेहराव बदलला. काय सोडावे आणि काय जपावे, हे प्रत्येक पिढीला ठरवावे लागले. फुनाकोशींनी नाव सोडले, शिस्त सोडली नाही. कराटेत पहिला वार आपला नसतो, ही त्यांची शिकवण अढळ राहिली.

१९४५ च्या बाँबवर्षावात त्यांची ‘शोतोकान’ शाळा भस्मसात झाली. त्याच वर्षी पुत्र गिगो निवर्तले. तरीही शिष्यांनी १९४९ मध्ये जपान कराटे संघटना उभी केली. १९५७ मध्ये फुनाकोशींचे देहावसान झाले.

२०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या काता स्पर्धेचे सुवर्णपदक र्‍यो कियुना यांनी जिंकले. ते ओकिनावाचे. विद्येचे नाव बदलले, राजधानी बदलली. परंतु मूळ माती ती विसरली नव्हती. आमच्या मते, फुनाकोशींचा खरा वारसा तो हाच.