८ नोव्हेंबर १९१७ : डॉ. कमल रणदिवे यांचा जन्म

पुण्यात समर्थ कुटुंबात जन्म. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावे ही त्यांची इच्छा. ती डॉक्टर झालीही, पण पीएच.डी.ची! विकृतिशास्त्रज्ञ डॉ. खानोलकरांच्या हाताखाली कर्करोगावर संशोधन करून कमलताई फेलोशिपवर बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. तिथे काचनळ्या खोचलेले पिंप संथ फिरत राही आणि नळ्यांत जिवंत पेशी वाढत. ही ऊतीसंवर्धनाची विद्या शिकून त्या परतल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात तशी प्रयोगशाळा उभारली. फेलोशिप सार्थकी लागणे म्हणतात ते हेच. पुढे १९६४ मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रातील कामासाठी वाटुमल पारितोषिक मिळाले; पद्मभूषण मात्र १९८२ मध्ये, वयाच्या पासष्टीला टेकल्यावर.