सातवा खडा

खिशात सात खडे घ्या. पूल ओलांडला की एक खडा नदीत टाकायचा. सातही पूल चालून व्हायला हवेत, पण एकावरही दुसऱ्यांदा पाय पडता कामा नये. कुठूनही निघा, कुठेही थांबा. होडी मात्र चालणार नाही.

तुम्ही १७३५ च्या उन्हाळ्यात, प्रशियातल्या कोनिग्सबर्गमध्ये आहात. प्रेगेल नदीने शहराचे चार तुकडे केलेत. तुम्ही उत्तर काठावर उभे आहात, लोकरी कोटाखाली पाठ घामाने चिकट झालीय.

पहिला दुकानदारांचा पूल. इथे चालावं लागतच नाही, मागचे ढकलतात. कुणाची तरी टोपली बरगडीत रुततेय, मासळीचं पाणी बुटात शिरतंय. डुबुक! एक खडा गेला. आता तुम्ही मधल्या क्नाइपहोफ बेटावर. कॅथेड्रलची घंटा छातीत घुमतेय. हिरव्या पुलाने दक्षिण काठ गाठा. दोन. शेजारच्या पुलाने लगेच परत फिरा, पण नाकाला रुमाल लावून! हा वजडीचा पूल. उन्हाने आंबलेल्या आतड्यांचा वास जिभेवर बसतो, माश्या तोंडावर येतात. पळतच तीन. लोहारपुलावर कोळशाचा धूर घशात जातो, घणाच्या ठोक्यांनी कान बधिर होतात. चार. पुन्हा उत्तर काठ. मग लाकडी पूल. घोडागाडी आली की फळ्या थरथरतात आणि तुम्ही कठड्याला घट्ट धरता. पाच.

पूर्वेच्या लोम्झे बेटावर जरा श्वास घ्या. पुढे दोन वाटा आहेत, मधाचा पूल आणि उंच पूल. मधाचा घेतलात. सहा! पण आलात तर क्नाइपहोफवरच, आणि या बेटाचे पाचही पूल वापरून झालेत. मुठीत एक खडा, घामाने ओला.

पुन्हा पहिल्यापासून. या खेपेला शेवटी उंच पूल घ्या. दक्षिण काठावर येता, तिथलेही तिन्ही पूल संपलेले. खडा उरलाच.

गावात कुणालाही विचारा. कुणी म्हणतं जमत नाही, कुणाला शंका आहे, पण जमतं असं छातीठोक सांगणारा एकही भेटत नाही. उत्तर दिलं सेंट पीटर्सबर्गमध्ये बसलेल्या गणितज्ञ लिओनार्ड ऑयलरने, आणि तेही पुलांची लांबी न विचारता. मला त्याचं हेच फार आवडतं. बूट काढा, पायरीवर टेका, तुम्हालाही दिसेल. वाटेत लागलेल्या जमिनीवर एका पुलाने आलात, तर निघायला दुसरा हवा. येणं-जाणं जोडीनेच होतं. म्हणून जिथे पूल विषम, तिथून एकतर निघायचं, नाहीतर तिथेच थांबायचं. आता बोटांवर मोजा: मधल्या बेटाला ५, बाकी तिघांना ३-३. चारही विषम! आणि सुरुवात एक, शेवट एक. म्हणजे अशा जागा दोनच खपतात. तुम्ही जन्मभर फिरलात तरी खडा उरणार.

उद्या मात्र कुणी आठवा पूल बांधला, अगदी कुठलेही दोन तुकडे जोडून, तर दोनच जागा विषम राहतील. मग आठ खडे घ्या आणि त्या दोहोंपैकी एकीवरून निघा.