आठ की सोळा?

गेल्या रविवारी सकाळी भाच्याचा फोन. "मामा, आठ की सोळा?" मला वाटलं ताईने पाहुण्यांचा आकडा विचारायला लावलाय. थोड्या वेळाने ट्यूब पेटली. विषय ग्राफिक्स कार्डाचा होता. आरटीएक्स ५०६० टीआय हे कार्ड २०२५ च्या एप्रिलमध्ये आलं तेच मुळी दोन रूपांत, ८ जीबी आणि १६ जीबी. नाव एकच, चिप तीच, पैशात मात्र चांगलाच फरक. आणि पोरगं इंटर्नशिपचे साठवलेले सगळेच्या सगळे पैसे त्यात ओतणार होतं.

उत्तर एका शब्दात देता आलं असतं, पण मला २००१ साल आठवलं.

तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. घरी असेंबल्ड मशीन होतं, मदरबोर्ड स्वस्तातला, ग्राफिक्स बोर्डावरच. जीफोर्स २ एमएक्स नावाची चीज सगळ्यांच्या तोंडी होती. बाबांच्या मागे लागलो, साडेचार हजार मिळवले (ते साडेचार हजार कुठून आले हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं, असो) आणि तपकीर गल्ली गाठली. बुधवार पेठेतली ती गल्ली ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: दोन्ही बाजूंना वायरी, माळा, स्पीकर, मधून हातगाडी, आणि प्रत्येक दुकानदाराला तुमच्यापेक्षा जास्त घाई. कार्ड घेतलं, घरी आलो, कॅबिनेट उघडलं. आत पांढरे पीसीआय स्लॉट तीन. तपकिरी एजीपी स्लॉट? नव्हताच. त्या बोर्डावर तो दिलेलाच नव्हता. परत गेलो तर "खोका उघडलाय" म्हणून विषय संपला. दुकानदाराला काय दोष द्यायचा, मशीन उघडून बघायची अक्कल मला नव्हती. बाबा काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. कार्ड दीड वर्ष कपाटात पडून होतं, मग बोर्ड बदलला तेव्हा लागलं, तोवर गेम्स पुढे निघून गेले होते.

तर स्लॉटचा हा इतिहास. १९९० च्या दशकाच्या शेवटापासून एजीपी, मग २००४ मध्ये इंटेलच्या ९१५ चिपसेटबरोबर पीसीआय एक्सप्रेस. त्याच वर्षी आलेलं ६६०० जीटी आधी एक्सप्रेसवर आलं आणि एजीपीवाल्यांना दोनेक महिने थांबावं लागलं. ज्यांनी त्या सुमारास महागडं एजीपी कार्ड घेतलं त्यांचं पुढच्या बोर्डावर काहीच चाललं नाही.

पण स्लॉट निदान डोळ्यांना दिसतो. खरी गंमत नावांची आहे.

२००१ च्या जीफोर्स ३ मध्ये प्रोग्रॅमेबल शेडर आले. म्हणजे कसं, की पाण्याची चमक, सावली, कातडीचा पोत हे सगळं कसं रंगवायचं याचा छोटा प्रोग्रॅम गेम लिहिणाराच कार्डाला देऊ लागला. फेब्रुवारी २००२ मध्ये जीफोर्स ४ आलं. त्यातल्या टीआय कार्डांत शेडर होते. एमएक्स ४४० मध्ये मात्र नव्हते. ते आतून बरंचसं जीफोर्स २ च्या घराण्यातलं. खोक्यावर चार, आत दोन! जॉन कारमॅकने तेव्हाच जाहीरपणे सांगितलं होतं की डूमसाठी एमएक्स घेऊ नका. आपल्याकडे हे कोण वाचतंय? चार हा आकडा तीनापेक्षा मोठा, एवढं गणित सगळ्यांना येतं. पुढे २००३ मध्ये 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' आला आणि त्याने या कार्डावर चालायलाच नकार दिला.

२००३ चं एफएक्स ५२०० उलट्या बाजूने तसंच. डायरेक्टएक्स ९ येतं असं खोक्यावर लिहिलेलं, आणि ते खरंही होतं. पण इतकं हळू, की २००४ च्या हाफ लाइफ २ ने ते कार्ड ओळखून स्वतःच डायरेक्टएक्स ८ ची वाट धरली.

तुम्ही म्हणाल, जुन्या गोष्टी. मग २०१६ चं १०६० घ्या. ३ जीबी आणि ६ जीबी. वाटतं फक्त मेमरीचा फरक, पण ३ जीबीवाल्यात कोअरही कमी, १२८० च्या जागी ११५२. किंवा जीटी १०३०, ज्याची २०१८ मध्ये डीडीआर४ आवृत्ती निघाली. मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबीवरून थेट १६.८ वर, नाव तेच. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये तर दोन वेगळ्या चिपांना एकच '४०८०' नाव देऊन झालं होतं. लोकांनी इतका आरडाओरडा केला की १२ जीबीवालं कार्ड ऑक्टोबरमध्ये बाजारात यायच्या आधीच मागे घेतलं. आरडाओरड्याचा उपयोग होतो तो असा.

आणि आता पुण्याच्या अभिमानाचा मुद्दा, कारण याच आकड्यांच्या खेळात आपलं शहरही आहे. भाच्याने फोनवर ऐकवलंच, "मामा, एक ५०९० म्हणजे तुमचा तो 'एका' सुपरकॉम्प्युटर!"

आधी थोडं मागे जाऊ. अमेरिकेने हवा तो क्रे द्यायला नकार दिल्यावर १९८८ मध्ये पुण्यात सीडॅक उभं राहिलं, आणि १९९१ मध्ये विजय भटकरांच्या टीमने परम ८००० दाखवला. त्यात इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. एकटा ट्रान्सप्युटर क्रेपुढे चिल्लर, पण प्रत्येकाला शेजाऱ्यांशी बोलायला चार लिंक, आणि असे पुष्कळ एकत्र. एक पैलवान नाही तर दिंडी. आजचं ग्राफिक्स कार्ड त्याच विचारावर चालतं, फक्त दिंडी एका चिपवर मावते.

'एका' त्यानंतरचा. टाटांच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने पुण्यात बांधलेला, नोव्हेंबर २००७ च्या टॉप ५०० यादीत जगात चौथा, मोजलेला वेग ११७.९ टेराफ्लॉप्स. ५०९० चा कागदावरचा आकडा साधारण १०४ टेराफ्लॉप्स. जवळपास बरोबरी, नाही का? नाही. 'एका'ची मोजणी डबल प्रिसिजनची, म्हणजे ६४ बिटांच्या आकड्यांची. ५०९० चा आकडा ३२ बिटांचा. गेमिंग कार्डात डबल प्रिसिजनचा वेग याच्या चौसष्टावा भाग ठेवलेला असतो, म्हणजे दीडेक टेराफ्लॉप. गोळी झाडायला तेवढी अचूकता लागत नाही. हवामान सांगायला लागते. त्या कामाची कार्डं वेगळी. २०२० मध्ये जगात ६३ वा आलेला सीडॅकचा परम सिद्धी एआय एनव्हिडियाच्या ए१०० वर बांधला तो म्हणूनच, शिवाय एआयसाठी. तेव्हा भाचेबुवा, 'एका'ला नमस्कार करा आणि खोक्याची मागची बाजू वाचा.

आता आठ की सोळा. ५०६० टीआयची स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी वेगाने वाचता येते. आठ जीबी भरली की उरलेलं टेक्स्चर मशीनच्या रॅममधून ओढावं लागतं, पीसीआय एक्सप्रेसवरून. हे कार्ड आठच लेन वापरतं, आणि भाच्याचा बोर्ड जुना, तिसऱ्या पिढीचा. म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ जीबी. एक्सप्रेसवेवरून निघालेली गाडी तुळशीबागेत शिरली म्हणा. नवीन बोर्डवाल्याला हे कमी जाणवेल, याला जास्त. वर त्याला ब्लेंडरही शिकायचंय. बजेट थोडं ताणलं जाईल, पण फुल एचडीवर जुने गेमच खेळायचे असते तर आठच घे म्हणालो असतो.

"सोळा घे," म्हटलं, "पण आज नाही. आधी कॅबिनेट उघड."

"का?"

"एसएमपीएसवरच्या स्टिकरचा फोटो पाठव. कार्ड १८० वॅट खातं. आणि आतली लांबी मोज."

अर्ध्या तासाने फोटो आला. ताईची शिवणाची टेप, कॅबिनेटमध्ये आडवी धरलेली. हार्डडिस्कचा पिंजरा बरोबर मध्ये.

"मामा, तेवीस सेंटीमीटर. बसेल?"

"आधी त्या पिंजऱ्याचे स्क्रू निघतात का बघ."