सरफोजी : एका नावाची वाट



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस इतिहासावर बोलावयास सांगितले, तेव्हा कामगार चळवळीच्या इतिहासाची त्यांची अपेक्षा असणार. तो विषय पुढच्या खेपेस. आज आम्ही एकाच नावाबद्दल बोलणार आहोत. नाव आहे सरफोजी. आपल्यापैकी कोणाच्या घरी, भावकीत, सोयऱ्यांत या नावाचा माणूस आहे काय? बहुधा नसेल. वर्गणीची पावती फाडता फाडता आम्ही आजवर हजारो नावे लिहिली. त्यांत शहाजी पुष्कळ भेटले, मालोजी थोडे भेटले, शरीफ नावाचे मुसलमान बांधवही पुष्कळ भेटले. सरफोजी मात्र एकही भेटला नाही. आणि गंमत अशी की या नावाचे मूळ आपल्या अंगणात, वेरुळास आहे.

वेरूळची पाटीलकी भोसल्यांकडे होती. बाबाजी भोसल्यांचे दोन मुलगे, मालोजी आणि विठोजी. विठोजींना आठ पुत्र झाले: संभाजी, खेळोजी, मालोजी, मंबाजी, नागोजी, परसोजी, त्र्यंबकजी आणि कक्काजी. मालोजींना व उमाबाईंना मात्र बरेच दिवस मूल नव्हते. अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, शाह शरीफ नावाच्या पिराचा दर्गा आहे. त्या पिरास नवस केला, दोन मुलगे झाले; थोरल्याचे नाव शहाजी ठेवले, धाकट्याचे शरीफजी. एका पिराचे नाव दोघा भावांत वाटून दिले. आता वरची आठ नावे आणि ही दोन नावे शेजारी ठेवून पाहा. चुलत भावांत ही दोघेच वेगळी उठून दिसतात, आणि त्या वेगळेपणाचे कारण नवसावाचून दुसरे सापडत नाही.

ही मागाहून रचलेली दंतकथा असेल अशी शंका कोणी घेईल, म्हणून सांगतो. कवींद्र परमानंदाने ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य खुद्द शिवाजी महाराजांच्या हयातीत व त्यांच्या इच्छेने रचले, आणि त्यात ही हकीकत दिलेली आहे. स. म. दिवेकर यांनी ते १९२७ साली छापून लोकांपुढे आणले. महाराजांच्या दरबारच्या कवीला ही गोष्ट झाकावीशी वाटली नाही, ही बाब आम्हांस फार मोलाची वाटते. याच मालोजींनी शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवाच्या डोंगरावर यात्रेकरूंसाठी तळे बांधले. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार त्यांनी केला असे परंपरा सांगते. एका हाताने महादेवाचे तळे आणि दुसऱ्या हाताने पिराची चादर, यात त्या माणसाला काहीच ओढाताण वाटत नव्हती. ओढाताण आपल्याला वाटते, आणि तीही अलीकडे.

आता अर्थाकडे वळू. ‘शाह’ हा फारसी शब्द, अर्थ राजा. ‘शरीफ’ हा अरबी, अर्थ थोर, कुलीन, प्रतिष्ठित. शराफत, मुशर्रफ, अशरफ ही सारी त्याच धातूची पिल्ले. अशरफी हे सोन्याचे नाणे आपण गोष्टींत ऐकतो, तेही दुरून याच घराण्यात येते. इजिप्तचा सुलतान अल अशरफ बार्सबाय याने पंधराव्या शतकात पाडलेल्या नाण्यावरून ते नाव चालत आले. गल्ल्यावर बसणारा ‘सराफ’ मात्र यांचा कोणी नव्हे. तो दुसऱ्या धातूचा, मोड देणारा, नाणी पारखणारा. उच्चार जवळचा म्हणून नाते जोडू नये.

त्या काळच्या मराठी घरांत असे फारसी-अरबी मुळाचे शब्द नावात घेणे नवलाचे नव्हते. दौलतराव, हैबतराव, सर्जेराव, सुलतानजी, फत्तेसिंह, पिराजी ही नावे काढून टाकली तर मराठ्यांच्या इतिहासाची पाने ओस पडतील. चाकणचा किल्ला १६६० मध्ये शाइस्तेखानाविरुद्ध जिद्दीने लढविणारा फिरंगोजी नरसाळा, त्याचे नाव तर ‘फिरंगी’वरून आलेले दिसते. गरिबाघरची तऱ्हा निराळी. तेथे मूल जगावे म्हणून दगडू, धोंडू, केरू; आणि फकिराच्या पदरात घातलेले म्हणून फकिरा. अण्णाभाऊ साठ्यांनी १९५९ साली आपल्या कादंबरीला हेच नाव दिले. पाटलाने पिराचे नाव घेतले, मांगाने फकिराचे घेतले. दोघांची गरज एकच होती, मूल जगावे ही.

शरीफजी जगला, वाढला आणि लढाईत पडला. १६२४ साली नगरजवळ भातवडी येथे मलिक अंबराने मोगल आणि आदिलशाही या दोघांच्या एकवटलेल्या फौजांचा पराभव केला. तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या छावणीची दैना केली. हा मलिक अंबर म्हणजे १६१० मध्ये खडकी वसविणारा हबशी वजीर. त्या खडकीचे पुढे औरंगाबाद झाले आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. भातवडीस शहाजी व शरीफजी दोघे अंबराच्या बाजूने लढले. शहाजींचे नाव तेथून वर चढत गेले. शरीफजी त्याच रणात ठार झाला. इतिहासाच्या पुस्तकात त्याच्या वाट्याला एवढीच एक ओळ येते.

एक ओळ तरी येते, हेही काही कमी नाही. ८ मे २०२० च्या पहाटे आपल्या या करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातून आपल्या मध्यप्रदेशातील गावांकडे पायी निघालेली ही माणसे होती. ‘सोळा’ हा आकडा साऱ्या देशाला पाठ झाला. त्या सोळांतली किती नावे आपल्या तोंडी आहेत, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे. ठेकेदाराच्या हजेरीपटावर माणसाच्या जागी बिल्ल्याचा नंबर लिहिलेला आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. म्हणून एखादे नाव कोणी पुढे चालविले की आम्हांस त्याचे अप्रूप वाटते.

शरीफजीचे नाव पुढे चालविले ते त्याच्या पुतण्याने. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी, तुकाबाई मोहिते यांच्या पोटचे. चुलता भातवडीस पडला तेव्हा व्यंकोजींचा जन्मही झालेला नव्हता. १६७६ च्या सुमारास व्यंकोजींनी तंजावरची गादी स्थापिली. त्यांना तीन मुलगे. थोरल्याचे नाव शहाजी, मधल्याचे सरफोजी, धाकट्याचे तुकोजी. पहिली दोन नावे वेरूळच्या त्या दोन भावांचीच, त्याच क्रमाने. तिसरे नाव आजी तुकाबाईवरून ठेवले असावे असा आम्ही तर्क करतो. गेलेला माणूस नावाने घरात परत आणावयाचा, ही आपल्याकडची जुनी रीत. कावेरीकाठी परक्या मुलखात बसलेल्या मराठी राजाने आपले सबंध घर असे तीन पाळण्यांत मांडले.

शरीफचा सरफो कसा झाला, ते सांगणे अवघड नाही. आपल्या खेड्यांत शाळेची ‘साळा’ होते, शेताचे ‘सेत’ होते; शरीफचा ‘सरफ’ त्याच चालीने झाला. पुढचे ‘ओजी’ हे मराठी घरातले लाडाचे व मानाचे शेपूट: मालोजी, तुकोजी, राणोजी, खेळोजी. तंजावरात याच्यापुढची मजा झाली. तमिळ लिपीत प, फ, ब, भ या चारही ध्वनींना एकच अक्षर आहे. तेव्हा सरफोजी हे नाव तमिळ लिहिणाऱ्याच्या हातात पडले की त्यातला ‘फ’ फ राहीलच असे नाही. तो सहज ‘भ’ होतो. झाले, सरभोजी, शरभोजी. आणि शरभ हा तर शिवाचा एक अवतार, सिंहालाही भारी असा आठ पायांचा अद्भुत प्राणी! कुंभकोणजवळ तिरुभुवनम् येथील देवळात शरभेश्वराची मोठी पूजा होते. दरबारच्या पंडितांस आणखी काय पाहिजे? त्यांनी राजाला ‘शरभेन्द्र’ म्हणावयास सुरुवात केली. ‘शरभेन्द्र भूपाल कुरवंजी’ या नावाचे तमिळ नृत्यनाट्य रचले गेले, राजाच्या वैद्यशाळेतील औषधांचे ग्रंथही शरभेन्द्राच्या नावाने छापले गेले. नगरच्या पिराचे नाव अशा रीतीने शिवाच्या अवतारात जाऊन बसले. काही लोक म्हणतात, नावाचे मूळच शरभ आहे, पिराशी त्याचा संबंध नाही. आम्हांस हे पटत नाही. शहाजीच्या पाठीवर सरफोजी, ही जोडी शरभाने उलगडत नाही. ती शाह शरीफानेच उलगडते. शरभ हा नंतर चढविलेला शेला आहे. शेला सुंदर आहे, याबद्दल आमची तक्रार नाही.

पहिल्या सरफोजीने १७१२ ते १७२८ राज्य केले. ज्याने नावाला कीर्ती दिली तो दुसरा सरफोजी. जन्म १७७७, दत्तक १७८७. मिशनरी श्वार्ट्झ याच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण झाले आणि १७९८ मध्ये तो गादीवर आला. पुढल्याच वर्षी कंपनी सरकारने तहाने राज्यकारभार काढून घेतला. राजाकडे उरला तो किल्ला, थोडा परिसर आणि नेमणुकीचा पैसा. असल्या रिकाम्या राजांनी काय केले ते हिंदुस्थानच्या इतिहासात जागोजाग लिहिलेले आहे. या गृहस्थाने पुस्तके जमविली. सरस्वती महाल हे ग्रंथालय नायक राजांच्या वेळेपासूनचे. सरफोजीने देशोदेशीची छापील पुस्तके व काशीपर्यंतच्या पोथ्या आणून ते भरून टाकले. १८०५ च्या सुमारास देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला. पुण्यामुंबईच्या मराठी छपाईची घडी बसण्याच्या किती तरी आधीची ही गोष्ट. ओरत्तनाडूच्या मुक्तांबाळ छत्रात जेवण आणि शिक्षण दोन्हींची सोय केली. धन्वंतरी महालात वैद्यकाचे प्रयोग चालत. डोळ्यांच्या रोग्यांची चित्रांसह टिपणे ठेवली गेली. १८०३ मध्ये त्याने बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले कुळाचा वृत्तांत मराठीत कोरविला. तमिळ मुलखात, चोळांच्या देवळात, एवढा थोरला मराठी लेख! आमच्यासारख्या, शाळा लवकर सुटलेल्या आणि पुढचे सारे वाचनालयाच्या बाकावर शिकलेल्या माणसाला या राजाबद्दल आपुलकी वाटली तर ती क्षम्य मानावी. नेपोलियनवरील इंग्रजांच्या विजयाप्रीत्यर्थ त्याने समुद्रकाठी मनोरा बांधला, ते मात्र आम्हांस रुचत नाही. पण दुसऱ्याच्या मुठीत असलेल्या माणसाकडून असल्या सलामीची वसुली होतच असते.

१८३२ मध्ये तो वारला. त्याचा पुत्र शिवाजी १८५५ मध्ये औरस पुत्राविना मरण पावला आणि कंपनीने गादी खालसा केली. नातवाला आजोबाचे नाव देणारी गादीच राहिली नाही, तेव्हा नावाचा ओघ आटला. इकडे महाराष्ट्रात शहाजी हे नाव थोरल्या महाराजांच्या वडिलांचे म्हणून घरोघर गेले. सातारा व कोल्हापूरच्या गाद्यांवरही ते पुन्हा पुन्हा आले. धाकट्या भावाच्या नावाला असा कोणी वाली नव्हता. मूळ रूपातले शरीफ हे नाव मुसलमान बांधवांकडे सुखरूप राहिले, सरफोजी तंजावरात राहिले. तेथील सरकारी महाविद्यालय १९५५ पासून राजा सरफोजी यांच्या नावाने चालते, आणि त्याच्या पाटीवर तमिळ अक्षरांत ते नाव वाचता येते. नगरचा दर्गा मात्र जवळ आहे. करमाडहून सकाळी निघालेला माणूस तो पाहून संध्याकाळी घरी येऊ शकतो.