खाचेतली मोटार

माझा एक भाचा इंग्लंडमध्ये, लँकेशायरला असतो. काही वर्षांपूर्वी त्याच्याकडे गेलो होतो, तेव्हा एका संध्याकाळी तो मला एका सभागृहामागच्या खोलीत घेऊन गेला. खोलीभर लाकडी फळ्यांचा नागमोडी रस्ता मांडलेला आणि त्यावर तळहाताएवढ्या मोटारी घोंघावत धावत होत्या. रस्त्यात बारीक खाच, खाचेच्या दोन्ही कडांना तांब्याच्या पट्ट्या आणि त्यांतून बारा व्होल्टची वीज. मोटारीच्या पोटाखालची जीभ खाचेत बसते. आपल्या हातात फक्त वेगाचा खटका. दिशा खाचेनेच ठरवलेली, तेव्हा यात चुकायचे काय, असे मला वाटले. पहिल्याच वळणावर माझी मोटार उडून भिंतीवर आदळली.

"मामू, वळणाच्या आधी बोट सोडा," भाचा म्हणाला. वळणापाशी उभ्या असलेल्या मुलाने मुकाट्याने मोटार उचलून परत खाचेत ठेवली.

या खेळाचा विषय निघाला की इंग्लंडमध्ये 'स्कॅलेक्सट्रिक' हेच नाव घेतात. फ्रेड फ्रान्सिस या कारखानदाराच्या 'स्कॅलेक्स' नावाच्या चावीच्या मोटारी होत्या. त्यांना त्याने विजेवर धावायला लावले आणि १९५७ साली हॅरोगेटच्या खेळणी प्रदर्शनात मांडले. पुढच्याच वर्षी त्याने कंपनी विकली, पण नाव घरोघरी गेले. त्याही आधी, १९१२ च्या सुमारास, अमेरिकेत लायोनेल कंपनीने खाचेतून धावणाऱ्या मोटारी काढल्या होत्या. त्या फार काळ टिकल्या नाहीत.

पण या दोन खोक्यांच्या मधली गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. तेव्हा लँकेशायरमध्येच मोडणारे साउथपोर्ट नावाचे गाव किनाऱ्यावर आहे. तिथल्या हौशी यंत्रकारांच्या मंडळात १९५४ साली विचार सुरू झाला. तोवर छोट्या इंजिनाच्या मोटारी तारेने मधल्या खुंटाला बांधून गोल पळवत, आपल्याकडे खळ्यात तिवड्याभोवती बैल फिरतात तशा. त्याऐवजी विजेच्या मोटारींची खरी शर्यत का लावू नये? मंडळींनी सुमारे ६० फुटांचा मार्ग स्वतःच्या हातांनी बांधला. त्यात खाच नव्हती, उंच रूळ होता. पुढे रूळ गेला आणि खाच आली. रुळामुळे रस्ता रस्त्यासारखा दिसेना आणि वळणावर मोटारीचा मागचा भाग मोकळेपणी घसरेना. घसरण्याची मुभा मिळाली, तेव्हा खेळात रंग भरला.

लाकूडच का? कंपनीचे तुकडे ठरावीक वळणांचे आणि त्यांना जागोजागी सांधे. लाकडात हवे तसे वळण कापता येते. खाच मात्र सलग, एकाच खोलीची हवी. हात थरथरला तर मोटार त्याच जागी कायमची अडखळणार. बाहेरची खाच आतल्यापेक्षा लांब पडते, म्हणून प्रत्येकाला प्रत्येक खाचेत सारखाच वेळ देऊन फेऱ्या मोजतात. हा न्याय मला फार आवडला.

साठीच्या दशकात अमेरिकेत तर याचे वेडच लागले. भाड्याने खेळायची केंद्रे शहरोशहरी निघाली. १५५ फुटांचा, आठ खाचांचा 'ब्लू किंग' तिथलाच. दशक संपता संपता बहुतेक केंद्रांना कुलपे लागली.

खोकी माळ्यावर टिकतात, पुढे संग्रहालयात जातात. खोलीएवढे लाकूड कुठे ठेवणार? इतिहासात कंपनीचे नाव ठळक राहिले, त्याचे एक कारण मला यात दिसते.

निघताना तिथल्या एका वयस्कर सभासदाने कपाटातून वीतभर फळी काढून दाखवली. आधीची जागा सोडावी लागली, तेव्हा जुना मार्ग करवतीने कापावा लागला होता. बाकीचे लाकूड शेगडीत गेले, वळणाचा हा एक तुकडा त्याने ठेवला. तांबे काळे पडले होते. मी खाचेतून नख फिरवून पाहिले. ते कुठेही अडले नाही.