क्रांतीचा कर्ता कोण?

फ्रेंच राज्यक्रांती लोकांनी केली नाही, गुप्त मंडळ्यांनी ती घडवून आणली, हे मत सव्वादोनशे वर्षे जुने आहे आणि अजून त्याचा जोर ओसरलेला नाही. आज ते मोबाइलवरच्या चित्रफितींतून ‘इल्युमिनाती’ या नावाने घरोघर पोहोचते, आणि शिकलेली माणसेही मान डोलावतात. खंडन करायचे तर पूर्वपक्ष आधी त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडला पाहिजे. तो तसा मांडता येतो.

या मताचा आद्य आचार्य म्हणजे ऑगुस्तँ बार्रुएल हा जेझुइट पाद्री. क्रांतीत त्याचे अनेक धर्मबांधव मारले गेले. तो स्वतः १७९२ मध्ये इंग्लंडला निघून गेला आणि १७९७ पासून त्याने जॅकोबिन या जहाल क्रांतिकारकांच्या इतिहासाचे खंड प्रसिद्ध केले. त्याच्या मते व्होल्तेर आणि त्याच्या मित्रांनी धर्माविरुद्ध कट केला, फ्रीमेसनांनी सिंहासनाविरुद्ध, आणि बव्हेरियातल्या इल्युमिनातींनी साऱ्या समाजव्यवस्थेविरुद्ध. हे तीन कट एकत्र आले आणि १७८९ घडले. १७९७ मध्येच जॉन रॉबिसन हा एडिंबरा विद्यापीठातला पदार्थविज्ञानाचा नामांकित प्राध्यापक, जेम्स वॉटचा मित्र, स्वतंत्रपणे साधारण याच निष्कर्षाला आला. दोघेही विद्वान होते. शतकानुशतके टिकलेली राजसत्ता इतक्या थोड्या काळात कशी कोसळली, हा त्यांचा प्रश्नही खरा होता. इल्युमिनाती खरोखर अस्तित्वात होते. क्रांतीच्या पुढाऱ्यांत मेसन होते. आणि १७८९ च्या उन्हाळ्यात गावोगाव एकाच सुमारास लोक शस्त्रे घेऊन बाहेर पडले. आधी ठरल्यावाचून हे कसे होईल, असे कोणालाही वाटावे.

पहिला हेतू, म्हणजे या मताचा पहिला आधार, इल्युमिनातींचा. इंगोलश्टाट विद्यापीठातला धर्मकायद्याचा प्राध्यापक आडाम वाइसहाउप्ट याने १ मे १७७६ रोजी हे मंडळ काढले. बव्हेरियाचा अधिपती कार्ल थिओडोर याने १७८४ आणि १७८५ मध्ये फर्माने काढून गुप्त मंडळांवर बंदी घातली, वाइसहाउप्टला गोथाच्या ड्यूकचा आश्रय घ्यावा लागला. १७८६ मध्ये झडतीत सापडलेले कागद सरकारने पुढच्या वर्षी स्वतः छापले. ते वाचले की मंडळाची ताकद नीट कळते. टोपणनावे आहेत (वाइसहाउप्ट ‘स्पार्टाकस’ होता), दीक्षेच्या पायऱ्या आहेत, मोठमोठे मनसुबे आहेत, आणि अधिकारावरून आपसातले हेवेदावे आहेत. त्याचा सर्वांत कर्ता सभासद क्निगे १७८४ मध्येच भांडून बाहेर पडला होता. म्हणजे पॅरिसचा बास्तीय किल्ला पडण्याच्या चार वर्षे आधी मंडळ आपल्या मायभूमीतच मोडले होते. मग बार्रुएलच्या पक्षाला उरतो तो बोडे नावाचा एक सभासद, जो १७८७ मध्ये पॅरिसला गेला. ज्या मेसन परिषदेसाठी तो निघाला होता, ती तो पोहोचण्यापूर्वीच आटोपली होती. एका माणसाच्या उशिरा झालेल्या प्रवासावर अडीच कोटींहून अधिक लोकांच्या देशातली क्रांती उभी करणे हा हेतू नव्हे, हेत्वाभास आहे.

मेसनांचा हेतू वरकरणी अधिक भक्कम दिसतो. पण आपल्या नैयायिकांनी घालून दिलेली कसोटी लावा. व्याप्ती सिद्ध व्हायची तर जिथे हेतू तिथे साध्य असले पाहिजे. लंडनमध्ये मेसनांची ग्रँड लॉज १७१७ पासून आहे. इंग्लंडमध्ये राजसिंहासन हलले नाही. खुद्द फ्रान्समध्ये मेसनांचा नामधारी प्रमुख ऑर्लेआँचा ड्यूक क्रांतीच्या बाजूला गेला, आणि नोव्हेंबर १७९३ मध्ये त्याच क्रांतीने त्याचा शिरच्छेद केला. पण त्याच्या नावाने प्रत्यक्ष कारभार पाहणारा माँमोरान्सी-लुक्झांबूरचा ड्यूक बास्तीय पडताच देश सोडून गेला. क्रांतीचा सर्वांत प्रखर वैचारिक शत्रू जोसेफ द मॅस्त्र हाही मेसनच. दहशतीच्या काळात बहुतेक लॉजांचे काम थांबले. एकाच मंडळातली माणसे लढाईच्या दोन्ही बाजूंना आढळतात, तेव्हा त्या मंडळाला लढाईचे कारण म्हणता येत नाही. लॉजांत सरदार आणि वकील एका बाकावर बसत, मतदान करून पदाधिकारी निवडत, आणि या सवयींनी समतेची भाषा ओळखीची झाली, हे मी मान्य करतो. पण ही वातावरणाची गोष्ट झाली; वातावरणाला कट म्हणत नाहीत.

आता तिसरा हेतू. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर शोधायला एका इतिहासकाराने अपार कष्ट घेतले. जुलै १७८९ च्या उत्तरार्धात फ्रान्सच्या मोठ्या भागात ‘दरोडेखोर येताहेत, पिके कापून नेताहेत’ अशी हाक उठली. चर्चच्या घंटा वाजल्या, लोक कोयते, विळे, बंदुका घेऊन वेशीवर आले. दरोडेखोर कुठेच नव्हते. राजनिष्ठांनी म्हटले, क्रांतिकारकांनी निरोपे धाडून हे पेटवले. क्रांतिकारकांनी म्हटले, सरदारांनी भाडोत्री टोळ्या सोडल्या. दोन्ही पक्षांची श्रद्धा कटावरच. जॉर्ज लफेव्र याने १९३२ मध्ये या ‘महाभया’वर पुस्तक लिहिले. कोणत्या गावी बातमी कोणत्या दिवशी, कोणाच्या तोंडून पोहोचली, हे त्याने स्थानिक कागदपत्रांतून गोळा करून नकाशावर मांडले. भय एकाच वेळी सर्वत्र उद्भवलेच नव्हते. थोड्या मूळ ठिकाणांहून ते निघाले आणि प्रवासी, टपालवाले, मदतीची चिठ्ठी धाडणारे पाद्री यांच्याबरोबर गावागावांतून पुढे सरकले. शेजारच्या गावाच्या मदतीला निघालेले लोकच तिसऱ्या गावाला दरोडेखोर वाटले. शँपेन प्रांतात तर ज्या टोळीच्या मागावर हजारो माणसे निघाली, ती गुरांचा कळप निघाली. वरून पाहता जे एका हुकमाने झाल्यासारखे दिसते, ते जवळून पाहता माणसाच्या पायांच्या आणि घोड्याच्या चालीने झालेले असते.

पण भय पसरायला जमीन तयार असावी लागते, ती कोणी तयार केली? इथे मंडन करणे भाग आहे. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडची खोड मोडण्यासाठी फ्रान्सने शंभर कोटी लिव्रांहून अधिक पैसा ओतला, तोही मुख्यतः कर्ज काढून. १७८८ मध्ये सरकारी खर्चाचा जवळजवळ निम्मा भाग कर्जाच्या फेडीतच जात होता. अर्थमंत्री कालोन याने १७८६ मध्ये राजाला खरी स्थिती सांगितली. सरदारांनी कर भरायला नकार दिला. ऑगस्ट १७८८ मध्ये तिजोरीने रोख देणी थांबवली. त्याच वर्षी १३ जुलैला गारपिटीने पिके झोडपली, पाठोपाठ भयंकर हिवाळा आला, आणि १७८९ च्या जुलैत धान्याचे भाव कळसाला पोहोचले. दरम्यान राजाच्याच आज्ञेने गावोगावच्या सभांनी तक्रारींच्या हजारो वह्या लिहिल्या. त्यांत मिठावरच्या कराचा संताप आहे, सरदाराच्याच गिरणीत दळण्याच्या सक्तीचा आहे, शेतात घुसणारी त्याची कबुतरे मारता येत नाहीत याचा आहे. जुलैत शेतकऱ्यांनी गढ्यांवर जाऊन जाळले ते नेमके या हक्कांचे दस्तऐवज. कोणते कागद जाळायचे हे त्यांना इंगोलश्टाटच्या प्राध्यापकाने सांगण्याची गरज नव्हती. कटाचा सिद्धान्त मला चीड आणतो तो याचसाठी: हातात वही घेऊन आपले दुःख स्वतः सांगणाऱ्या माणसाला तो दुसऱ्याच्या हातातले बाहुले ठरवतो.

बार्रुएलला पहिले समर्थ उत्तर दिले ते जाँ-जोसेफ मुनिए याने, १८०१ मध्ये. त्याची साक्ष मोलाची आहे. टेनिस कोर्टवरच्या शपथेची सूचना त्याची होती. ५ ऑक्टोबर १७८९ ला व्हर्सायवर मोर्चा आला तेव्हा राष्ट्रसभेचा अध्यक्ष तोच. तो राजसत्तावादी होता, क्रांतीने त्याला देशोधडीला लावले, म्हणजे कटाची कथा उचलून धरण्यात त्याचाच फायदा होता. शिवाय मंडळाची माहिती त्याला जवळून मिळण्यासारखी होती; तो राहत होता वायमारमध्ये, जिथल्या ड्यूकने आणि गटेने एकेकाळी इल्युमिनातींत नाव नोंदवले होते. तरीही त्याने लिहिले की तत्त्वज्ञ, मेसन आणि इल्युमिनाती यांना दिले जाणारे हे श्रेय निराधार आहे.

यावर पूर्वपक्षी म्हणतो, खरे कट पुरावा ठेवतच नाहीत. हा युक्तिवाद स्वतःलाच कापतो, कारण पुराव्याचा अभाव हाच पुरावा मानला तर कोणावरही काहीही सिद्ध होते. आणि खऱ्या कटांचे पुरावे मुबलक उपलब्ध आहेत. फ्रेंच क्रांतिकारक ब्लांकी याच्या ‘ऋतूंच्या मंडळा’ने १२ मे १८३९ ला पॅरिसमध्ये रीतसर उठाव केला, लोक आले नाहीत, तो लगेच चिरडला गेला. फेब्रुवारी १८४८ मध्ये एका मेजवानी-सभेवर बंदी आली, लोक रस्त्यावर उतरले आणि राजा पळाला. त्या क्रांतीचा आराखडा कोणत्याही गुप्त मंडळाने आखला नव्हता.

कटाच्या या श्रद्धेने मात्र रक्त सांडले. क्रांतिकारक स्वतः तिचे बळी होते. क्रांतीचा पुढारी दांतों याला एप्रिल १७९४ मध्ये परकीय कटाच्या आरोपांसह मारले, आणि आरोपींचा बचावाचा हक्क काढून घेणाऱ्या १० जूनच्या कायद्यानंतर सात आठवड्यांत एकट्या पॅरिसमध्ये तेराशेहून अधिक मुंडकी उडाली.

मराठी वाचकाला ही श्रद्धा परकी वाटू नये. १९१८ चा रौलट समितीचा अहवाल भारतातल्या क्रांतिकारक कटांचा इतिहास मुंबई इलाख्यापासून सुरू करतो: गणेशोत्सव, शिवजयंती, चापेकर, रँडचा वध. मंडळ्या होत्याच, नाशिकची अभिनव भारत शपथबद्ध होती आणि तिच्या सभासदांनी जबर किंमत मोजली. पण असंतोष म्हणजे मूठभरांचा कट, असे धरून सरकारने मार्च १९१९ मध्ये खटल्याविना कैदेची तरतूद करणारा कायदा आणला. कायदेमंडळातल्या निवडून आलेल्या एकाही हिंदी सभासदाने त्याला पाठिंबा दिला नाही. ६ एप्रिलला शहरोशहरी दुकाने बंद झाली, उपास झाले, भर दिवसा सभा भरल्या. आणि तारीख व कारण दोन्ही गांधींनी आधीच जाहीर केले होते.