सहलीच्या यादीतील पाच ओळी



स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने माझ्याकडे लेख मागितला तेव्हा मी हात झटकले. माझ्याकडे या मेळाव्याच्या नोंदणीचे काम होते. फॉर्म तयार करायचा, तो किती तारखेला उघडायचा, किती तारखेला बंद करायचा आणि किती नावे झाली की थांबवायचा, एवढाच माझा वाटा. यावर काय लिहिणार? पण या कामात माझ्या हातून एक मोठी चूक झाली. ती निस्तरताना मी चाळीस वर्षे मागे गेलो, आणि तारीख नि आकडा या दोन गोष्टींनी आपल्या पिढीला किती रांगांत उभे केले ते आठवत गेले. तोच हा छोटासा इतिहास.

सुरुवात आपल्याच शाळेच्या फळ्यापासून करतो. जानेवारी १९८५. आपण नववीत होतो. दौलताबाद-वेरूळची सहल ठरली. एसटीची एक गाडी प्रासंगिक कराराने घ्यायची होती, म्हणून मुलांच्या जागा पन्नास. वर्गणी पस्तीस रुपये, मुदत १० जानेवारी. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर कागद लागला आणि दोन दिवसांत त्यावर पंचेचाळीस नावे चढली. त्याखाली सरांनी पाच ओळी आखून कोऱ्या ठेवल्या होत्या. मुदत संपल्यावर बाजारपेठेतला एक मुलगा पैसे घेऊन आला, तेव्हा सर त्याला म्हणाले, "जागा भरल्या." तो त्या कोऱ्या ओळींकडे बघत राहिला.

आमच्या घरी तेव्हा कांदा विकला गेल्याशिवाय हातात रोकड नसायची. वडिलांना कांद्याची पट्टी मिळाली ती संक्रांत झाल्यावर. मी पस्तीस रुपये मुठीत धरून, नाही म्हणतील हे गृहीत धरून सरांपुढे उभा राहिलो. त्यांनी काही विचारले नाही. फळ्यापाशी गेले आणि सेहेचाळिसाव्या ओळीवर माझे नाव लिहिले. नंतर आणखी चार नावे आली. सगळीच माझ्यासारख्या घरांतली. त्या पाच ओळी कोणासाठी होत्या हे सरांनी कधी बोलून दाखवले नाही. आम्हा पाच जणांना ते कळले होते.

पुढे नोकरीसाठी मुंबईत आलो आणि यादीचे रूप बदलले. रेल्वेच्या आरक्षणाची रांग आपल्यापैकी बहुतेकांनी अनुभवली आहे. त्याआधी प्रत्येक गाडीची जाडजूड वही असे आणि ती वही ज्या खिडकीवर, तिथेच त्या गाडीचे आरक्षण मिळे. १९८५-८६ मध्ये दिल्लीत संगणकावर आरक्षण सुरू झाले, मग मुंबई आणि इतर मोठी शहरे त्यात आली. कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले, ही त्या काळी केवढी नवलाई होती! ऑगस्ट २००२ मध्ये इंटरनेटवरून तिकीट काढता येऊ लागले. सुरुवातीला तिकीट संगणकावर काढायचे आणि छापील कागद कुरियरने घरी यायचा, हे आज मुलांना सांगितले तर हसतात.

यंत्रे बदलली तरी रेल्वेपुढचे प्रश्न आपल्या सरांपुढे होते तेच राहिले. नोंदणी केव्हा उघडायची? एकाला किती जागा द्यायच्या? आणि उशिरा येणाऱ्याचे काय करायचे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर रेल्वेने कितीदा बदलले ते पाहा. २०१३ च्या मे महिन्यापासून आरक्षण साठ दिवस आधी उघडत होते. १ एप्रिल २०१५ पासून ते एकशेवीस दिवसांवर गेले आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून पुन्हा साठ दिवसांवर आले. खिडकी फार लवकर उघडली, तर ज्याला चार महिने आधी आपला बेत माहीत आहे त्याचेच फावते, शिवाय अनेक जण नुसती जागा अडवून ठेवतात आणि पुढे रद्द करतात. फार उशिरा उघडली तर लांबून येणाऱ्याची तारांबळ. गणपतीला कोकणात जाणाऱ्यांना हे सांगायला नको. आरक्षण उघडल्यावर काही मिनिटांत वेटिंग सुरू होते आणि चाकरमानी मोबाइलकडे बघत कपाळाला हात लावतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे आरक्षणाच्या फॉर्मवरची सहा प्रवाशांची मर्यादा, आणि तत्काळ तिकिटावर चार जणांची. यातली एक साधी गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. रेल्वे फॉर्म मोजत नाही, माणसे मोजते. सहा जणांचा एक फॉर्म आला की सहा जागा कमी होतात.

तिसऱ्याचे उत्तर म्हणजे प्रतीक्षा यादी, आरएसी, निरनिराळे कोटे आणि १९९७ पासून तत्काळ. ऐन वेळी निघणाऱ्यासाठी काही जागा राखून त्या प्रवासाच्या आदल्या दिवशी खुल्या करायच्या, ही कल्पना चांगलीच होती. पण त्या जागा सकाळी ठरावीक ठोक्याला खुल्या होतात, आणि ज्याची बोटे जलद आणि इंटरनेट वेगवान, त्याची सरशी होते. दलालांनी तर त्याचा धंदाच केला. म्हणून जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधार पडताळणी सक्तीची झाली आणि पहिला अर्धा तास एजंटांना बंदी आली.

आता २०२१ आठवा. आपल्यापैकी कित्येकांनी त्या वर्षी घरची माणसे गमावली, म्हणून लिहिताना हात थोडा अडखळतो. १६ जानेवारीला लसीकरण सुरू झाले. अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाची नोंदणी २८ एप्रिलला दुपारी चार वाजता उघडली आणि त्या एका दिवसात एक कोटीहून अधिक लोकांनी नावे नोंदवली. लस थोडी आणि मागणारे अफाट. या वयोगटाला सुरुवातीला वेळ फक्त ऑनलाइनच घेता येत होती आणि ते संकेतस्थळही तेव्हा केवळ इंग्रजीत होते. मुंबई-पुण्याची मंडळी घरबसल्या खेड्यातल्या आरोग्य केंद्रांतल्या वेळा मिळवत आणि गाड्या करून तिथे जात. गावातली माणसे आपल्याच केंद्राच्या दारात उभी राहून त्या गाड्या बघत, अशा बातम्या तेव्हा रोज येत होत्या. मे अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने सरकारला याच डिजिटल दरीबद्दल विचारले. २४ मे रोजी सरकारी केंद्रांवर थेट जाऊन नोंदणी करायची मुभा मिळाली, जूनमध्ये संकेतस्थळावर मराठीसह इतर भारतीय भाषा आल्या आणि २१ जूनपासून नव्या धोरणात थेट येणाऱ्यांची सोय सर्वत्र झाली.

मी तेव्हा या व्यवस्थेवर तावातावाने बोलत असे. "ज्याच्या हातात मोबाइल त्याचीच लस," असे आपल्या ग्रुपवर मीच लिहिले होते. कुणाला आठवत असेल.

आणि आता माझी चूक. शाळेच्या नव्या सभागृहात तीनशे खुर्च्या बसतात. मी हिशेब केला की एका फॉर्मवर सरासरी दोन माणसे, म्हणजे एकशेवीस फॉर्म झाले की थांबवावे. शिक्षकांना आणि पाहुण्यांना जागा उरेल. रविवार ५ ऑक्टोबरला सकाळी नऊ वाजता नोंदणी उघडली. अमेरिकेतल्या मित्रांकडे तेव्हा शनिवारची रात्र होती, ते टपूनच बसले होते. शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर ठेवली होती, पण तिची वेळच आली नाही. मंगळवारी संध्याकाळी एकशेविसावा फॉर्म आला आणि नोंदणी आपोआप बंद झाली. मी ग्रुपवर अभिमानाने टाकले, "हाउसफुल्ल!" त्यावर पन्नास अंगठे आले.

रात्री माणसे मोजली तर दोनशे एक्याण्णव भरली. कुणी सुना-जावई-नातवंडांसह पाच जणांचा फॉर्म भरला होता. मी फॉर्म मोजत होतो, माणसे मोजली नव्हती. पण त्याहून मोठी गोष्ट बुधवारी कळली.

फोन आला तो गावाकडच्या एका वर्गमित्राचा. सोयाबीनच्या सोंगणीत होता, त्याचा मोबाइल साधा. त्याच्या मुलाने रात्री फॉर्म उघडला तर तो बंद. तो अजिबात रागावला नव्हता. म्हणाला, "राहू दे रे, जागा नसली तर नसली. मी गेटवर येऊन सगळ्यांना भेटून जाईन."

सहलीच्या यादीत त्याचे नाव माझ्या खाली होते. सत्तेचाळिसावी ओळ.

त्या रात्री मी एकशेवीस फॉर्म पुन्हा पाहिले. ज्या गावात मेळावा, त्या गावात आणि आसपास राहणाऱ्या मित्र-मैत्रिणींचे फॉर्म फक्त सात. निवृत्त शिक्षकांपैकी तिघांचे, तेही त्यांच्या नातवंडांनी भरलेले. आपल्या शाळेची घंटा वाजवणाऱ्या मामांचे नाव नव्हते, आणि ते फॉर्म कसा भरणार हा विचारही माझ्या डोक्यात आला नव्हता. मी कोणालाही "नाही" म्हटले नव्हते. एक तारीख आणि एक आकडा लिहिला होता, नाही म्हणायचे काम त्यांनीच माझ्या वतीने केले.

दुसऱ्या दिवशी समितीच्या बैठकीत मी हे सगळे सांगितले आणि आम्ही नव्याने आखणी केली. तीस जागा गुरुजन आणि शाळेतल्या जुन्या सेवकांसाठी. त्यांना फॉर्म नाही, आपण घरी जाऊन आमंत्रण द्यायचे. चाळीस जागा गावातल्या मंडळींसाठी, फोनवर नाव सांगितले तरी पुरे. उरलेल्या दोनशे तीस फॉर्मच्या, आणि एका फॉर्मवर स्वतःबरोबर एकच जण. ज्यांनी जास्त नावे दिली होती त्यांना मी एकेक करून फोन केले. दोघे-तिघे नाराज झाले, बाकीच्यांनी हसत नावे कमी केली आणि दोनशे एक्याण्णवचे दोनशे सात झाले. प्रतीक्षा यादी क्रमांकासह ग्रुपवर लावली. ७ डिसेंबरपर्यंत राखीव जागांतल्या ज्या उरतील त्या या यादीला क्रमाने मिळतील, हेही आधीच जाहीर केले. शेवटची तारीख लिहिताना "३१ ऑक्टोबर, रात्री १२" असे होते, ते बदलून "रात्री ११ वाजून ५९ मिनिटे, भारतीय वेळ" केले. रात्रीचे बारा नक्की कोणत्या दिवसाचे, यावरून आधीच दोन फोन येऊन गेले होते!

बैठकीत एकाने विचारले, "राखीव जागा आहेत हे जाहीर कशाला करायचं? गुपचूप ठेवू, लागेल तसं देऊ." मला सरांच्या पाच ओळी आठवल्या. सरांनी त्या न बोलता ठेवल्या होत्या. पण सर सर होते. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याच ओळी ओळखीच्यांना, वजनदारांच्या मुलांना गेल्या असत्या, आणि फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या मुलाला कधीच कळले नसते की त्या कोणाच्या होत्या. प्रत्येक यादीला सरांसारखा माणूस मिळेल असे नाही, म्हणून ओळी कोऱ्या ठेवाव्यात आणि त्या कोणासाठी आहेत ते शेजारी लिहावे. बाजारपेठेतल्या त्या मित्रालाही तेव्हा एवढे उत्तर मिळायला हवे होते. तो आज समितीत आहे. हे सांगितल्यावर तो म्हणाला, "चाळीस वर्षांनी कळलं, मी सहलीला का गेलो नाही ते."

हा लेख छापायला जाण्याआधीचा हिशेब असा : प्रतीक्षा यादीत सत्तेचाळीस जण होते, त्यांपैकी एकोणचाळीस जणांना जागा मिळाली. आठ जणांना मिळाली नाही. खुर्च्या तीनशेच आहेत आणि त्या आठांची मी इथे मनापासून माफी मागतो. आपला क्रमांक किती आणि आपल्या पुढे कोण, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होते, एवढेच मी त्यांच्यासाठी करू शकलो.

२८ डिसेंबरला सभागृहात येताना दाराशी थोडे थांबा. नावे तपासायला तिथे एक वर्गमित्र बसलेला असेल. गेटवरून परत जायला निघाला होता तोच. आम्ही त्याला गेटवरचे काम दिले आहे, आणि पहिल्या रांगेत त्याची खुर्ची राखून ठेवली आहे. जाहीरपणे.